कोरडा पंप

कुंडलच्या खाली कृष्णा एक मोठं वळण घेते, त्या वळणावर कासारघाट म्हणून गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला, अगदी काठावर, कब्रस्तान. आणि कब्रस्तानासमोरच्या डोहात लालासाहेबांची वाळूची बोट. बोट म्हणजे काय, तर लोखंडी टाक्या एकमेकींना जोडून केलेला तराफा, त्यावर जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि नदीच्या तळातली वाळू ओढून काठावर ओतणारा जाडजूड पाइप. दिसायला कळाहीन, पण इंजिन चालू झालं की वरच्या आळीतल्या घरांची भांडी मांडणीवर किणकिणायची.

त्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप अश्फाकच्या हाताखालचा होता. फाट्यावर त्याचं पत्र्याचं दुकान. आजूबाजूच्या गावांत ट्रक, ट्रॅक्टर, बोट, कुणाचाही डिझेल पंप बिघडला की लोक त्याच्याकडेच यायचे. बाप, इलाही मिस्त्री, काठावरच्या पाणी उपसायच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला माणूस. मुलानं सांगलीत राहून पंपाचं काम शिकून घेतलं होतं.

ह्या जातीच्या पंपाची एक खोड असते. त्याच्या पोटात त्याचं स्वतःचं तेल असतं, इंजिनाच्या ऑईलशी त्याचा काही संबंध नाही. वरून डिझेल थेंबाथेंबानं त्यात झिरपत राहतं. काकवीसारखं घट्ट तेल हळूहळू पाण्यासारखं पातळ होतं आणि आतलं लोखंड लोखंडाला खायला लागतं. म्हणून ते तेल वेळच्या वेळी काढून नवं भरायचं. अश्फाक दर काही दिवसांनी मोटारसायकलला तेलाचा डबा अडकवून घाटावर जायचा तो ह्यासाठी.

बोटीवर इंजिन सांभाळायला जोतिबा होता. आटपाडीकडचा धनगर. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं घेऊन ह्याच नदीकाठी पावसाळ्यानंतर तळ टाकले होते. जोतिबाच्या वाट्याला मेंढरं उरली नाहीत, नदी उरली. पोहायला येत नव्हतं तरी दिवसभर पाण्यावर असायचा. बायको हरणाबाई काठावर ताडपत्रीच्या खोपटात भाकऱ्या थापायची. अश्फाकनं त्याला एक गोष्ट पढवून ठेवली होती. रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी पंपाच्या बाजूचा बारका नट सैल करायचा. तेलाचा थेंब आला तर ठीक. जोतिबा हे देवपूजेसारखं करायचा. दोघांचं बोलणं मोजकंच, पण अश्फाक आला की जोतिबा स्वतः पाण्यात उतरून तराफा काठाला ओढायचा, मिस्त्रीचे पाय भिजू नयेत म्हणून.

मोठ्या महापुरानंतर काठ पोकळ झालाच होता. बोटीनं समोरचा डोह खरवडून खोल केला, तसा काठ डोहाकडं सरकायला लागला. आधी काटेरी कुंपण गेलं, मग करंजाची झाडं एकेक करून पाण्यावर कलली. कब्रस्तानाची सगळ्यात जुनी रांग गेली तेव्हा जमातीची माणसं लालासाहेबांकडं गेली. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, पावसाळ्याआधी दगडाची भिंत बांधून देतो म्हणाले. पावसाळा आला आणि गेला. माणसं परत गेली. परत चहा झाला. मग कुणीतरी वर अर्ज केला. वरून कुणी यायचं असलं की आदल्या दिवशीच बोट वळणापलीकडच्या झाडोऱ्यात जाऊन बसायची, आणि आलेली माणसं शांत नदी बघून जायची.

दुसऱ्या रांगेत खातूनबीची कबर होती. अश्फाकची आई. तिच्या शेजारची जागा इलाहीनं स्वतःसाठी ठेवली होती. तशी ठेवता येत नाही हे ठाऊक असूनही कुणी त्याला कधी आडवं बोललं नव्हतं. आता त्याला फार चालवत नव्हतं. तरी दर जुम्म्याला नमाजानंतर काठी टेकत जायचा, आणि आल्यावर कधी अश्फाकला तर कधी सुनेला, आसियाला, सांगायचा की कबरीपुढं अजून हात-दोन हात काठ शिल्लक आहे. अश्फाक मान खाली घालून जेवत राहायचा. बोट चालू ठेवायला तोच जातो हे बापाला माहीत होतं. बापानं त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि तेच अश्फाकला जास्त लागायचं. आपण नाही गेलो तर पलूसचा कुणी जाईल, ताकारीचा जाईल, असं तो मनाशी म्हणायचा. ते खोटं नव्हतं.

उन्हाळा ऐन भरात आला होता. अश्फाक सकाळीच घाटावर गेला. इंजिन बंद होतं. त्यानं पंपाच्या बुडातला प्लग काढला, खाली कापलेला डबा धरला. काळं, पातळ तेल भसकन आलं. डिझेलचा वास मारत होता. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो थांबला, प्लग पुसून परत बसवला, वरचं झाकण काढलं आणि नव्या तेलाच्या डब्याचं बूच फिरवायला लागला. तेवढ्यात जोतिबानं काठावरून हाक मारली.

पाइप काठावर जिथं वाळू ओततो तिथं एक मोठी चाळणी असते, दगडगोटे अडवायला. जोतिबा तिच्यापाशी उभा होता. हातात पोत्याचा तुकडा, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. डोक्याचा पटका त्यानं काढून खांद्यावर टाकला होता.

"मिस्त्री," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्ये तुमच्यातलं हाय. कुटं ठिवू?"

अश्फाकनं पोतं उलगडलं. मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड होतं, बारीक, पिवळट. लहान चणीच्या माणसाचं. बाईचंही असेल. त्याला आईचे हात आठवायला हवे होते, पण त्या घटकेला काही म्हणजे काहीच आठवलं नाही. त्यानं विचारलं, हे पहिलंच का? जोतिबानं मान हलवली. पहिलं नव्हतं. चाळणीवर घावलं की तो संध्याकाळी वरच्या अंगाला खड्डा करून पुरून टाकायचा. कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. आज मिस्त्री समोरच होते म्हणून हाक मारली.

दोघांनी मिळून कब्रस्तानाच्या वरच्या टोकाला, काठापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, ते पुरलं. अश्फाकनं फातिहा पढला. जोतिबा जरा बाजूला हात जोडून उभा राहिला.

बोटीवर परत आल्यावर अश्फाक इंजिनापाशी बसला. तेलाचा डबा समोर होता, बूच अर्धं फिरवलेलं. त्यानं काही ठरवलं होतं असं नाही. हात बुचावर गेला, आणि त्यानं ते उलटं फिरवून घट्ट केलं. मग पंपाच्या वरचं झाकण जागच्या जागी बसवलं, पाना पुसला, भरलेला डबा पिशवीत ठेवून वरून फडकं टाकलं. सगळं रोजच्यासारखं सावकाश केलं. जोतिबानं विचारलं, झालं का? अश्फाक म्हणाला, झालं. मग हरणाबाईनं दिलेला चहा त्यानं खोपटासमोर बसून प्यायला. चहा गोड होता, नेहमीसारखाच.

त्यानंतर तो दुकानात कान लावून बसायला लागला. वारा नदीकडून असला की इंजिनाचा आवाज फाट्यापर्यंत यायचा. पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशीही. झिरपणाऱ्या डिझेलवरच पंप तग धरून असणार, हे त्याला समजत होतं. आवाजात बारीक खरखर शिरली होती, ती दुसऱ्या कुणाला कळली नसती. एकदा त्याला वाटलं, अजूनही जावं, तेल भरावं, विसरलो होतो म्हणावं. मोटारसायकलला किकही मारली. पण रस्त्यावर बाप काठी टेकत येताना दिसला. जुम्मा नव्हता, तरी गेला होता. अश्फाकनं गाडी बंद केली.

आणि एका दुपारी आवाज कर्रकन तुटला.

लालासाहेबांचा फोन यायला वेळ लागला नाही. अश्फाक गेला तेव्हा ते स्वतः काठावर उभे होते, पांढऱ्या कपड्यात, डोळ्यांवर गॉगल. पंप खोलल्यावर आतला कॅम जळून निळा पडलेला, कपलिंगचे तुकडे झालेले. ह्यात आता दुरुस्तीला काही उरलं नाही, हे सांगायला अश्फाकनं तोंड उघडलं, पण लालासाहेब त्याच्याकडं बघतच नव्हते. ते जोतिबाला विचारत होते, तेल बघत होतास का रोज? सांभाळायला कुणाला ठेवलंय तुला?

अश्फाकनं बोलायचं तर हीच वेळ होती. तो बोलला नाही. जोतिबानं एकवार त्याच्याकडं बघितलं, मग मालकाकडं.

"व्हय मालक. बघायचं राहिलं. माझंच चुकलं."

लालासाहेबांनी एक कानशिलात दिली. ती खाऊन जोतिबा तसाच उभा राहिला. ऊन कलायच्या आत ताडपत्री उतरली, चुलीचे तीन दगड तिथंच राहिले. हरणाबाई डोक्यावर बोचकं घेऊन पुढं चालत होती. अश्फाकच्या दुकानावरून दोघं गेली तेव्हा जोतिबानं नुसता हात वर केला. अश्फाकला वाटलं, ह्या भोळ्या माणसाला आपलंच चुकलं असं खरंच वाटतंय. त्या वाटण्यानं त्याला रात्री झोप आली नाही.

नदी मात्र गप्प झाली. भांडी किणकिणायची थांबली. काठावर बगळे उतरले. इलाही पहिल्यांदाच आसियाजवळ म्हणाला की आता काठ धरून राहील, चार पावसाळे तरी काढील. त्या दिवशी त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली. ते बघून अश्फाकला क्षणभर वाटलं, केलं ते बरंच केलं.

ही शांतता आठवडाभरही टिकली नाही. मग एका ट्रेलरवरून नवी बोट आली, आणि तिच्या मागून दुसरी. दोन्ही पहिलीपेक्षा मोठ्या. इंजिनं नवी कोरी. त्यांच्या पंपाला वेगळं तेल लागत नव्हतं, इंजिनाचंच ऑईल आतून फिरायचं, आणि बघायला कंपनीचा माणूस यायचा. अश्फाकला कुणी बोलावलं नाही. दोन पाइप दोन बाजूंनी डोह उपसायला लागले.

तेव्हा तो लालासाहेबांच्या घरी गेला. का गेला हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. निदान जोतिबाला परत कामावर घ्यावं, एवढं तरी. लालासाहेब ओसरीवर दाढी करून घेत होते. अश्फाकनं न्हाव्यासमोरच सांगून टाकलं, की पंपात तेल त्यानं भरलं नव्हतं. जाणूनबुजून. जोतिबाचा काही दोष नाही.

लालासाहेबांनी न्हाव्याला थांबायची खूण केली. रागावले नाहीत.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पंप कोरडा ठणठणीत होता. मी काय कालचा हाय व्हय ह्या धंद्यात?"

"मग जोतिबाला का हाकललं?"

"कुनाला तरी हाकलाय पायजे का न्हाई? तू गावातला. तुझ्या मागं आख्खी आळी हाय. तो कुठला कोन." मग त्यांनी जरा समजुतीच्या सुरात विचारलं, "पर मला सांग अश्फाक, काय मिळवलंस तू? बोट तर चालूच हाय."

त्यांनी गाल पुढं केला आणि वस्तरा परत चालू झाला. अश्फाक चप्पल घालून निघून आला.

जोतिबाचा फोन लागत नव्हता. शेवटी अश्फाक एस.टी.नं आटपाडीला गेला आणि विचारत विचारत गावाबाहेरच्या वस्तीवर पोचला. माळावर दगडाचं खोलीभर घर, हरणाबाईच्या भावाचं. दारात ती शेळीला पाला टाकत होती. तिनं अश्फाकला ओळखलं, पण या म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि उंबऱ्यावर बसली. जोतिबा भीमेवर गेला होता, दुसऱ्या वाळूच्या बोटीवर. त्याला एवढंच काम येत होतं, दुसरं कुणी देणार नव्हतं.

अश्फाकनं पाण्याला हात न लावता सांगायला सुरुवात केली. तेल त्यानंच भरलं नव्हतं. हरणाबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही.

"त्यास्नी ठावं हुतं, मिस्त्री."

अश्फाकनं मान वर केली.

"दुसऱ्या दिशी सकाळीच नट सैल क्येला त्येनी. थेंब आला न्हाई. माज्यापाशी येऊन बोललं. मी म्हनलं, आवं मिस्त्री इसारलं आसतील, फोन लावा. तर म्हनलं, मिस्त्री इसारत न्हाईत. आन गेलं, इंजान चालू क्येलं."

का, हे तिनं आपणच सांगितलं. चाळणीवर ते सगळं घावायला लागल्यापासून जोतिबाला अन्न जात नव्हतं. हात दहादा धुवायचा. ह्या काठाला त्याच्या आज्यानं मेंढरं बसवली होती, गावानं पाणी दिलं होतं, आणि आपण त्याच गावाची माणसं उकरून काढतोय, असं झोपेत बडबडायचा. काम सोडायची छाती होत नव्हती. इंजिन आपसूक मरतंय म्हटल्यावर त्यानं मरू दिलं.

हे ती सांगत होती, पण तिच्या आवाजात नवऱ्याचं कौतुक नव्हतं.

"तुमी दोगांनी एकामेकाला न इचारता मोठेपना क्येला," ती म्हणाली. "आन घर माजं उठलं. आता भीमेच्या वाळूत काय निराळं घावनार हाय? तितं बी कुनाची तरी मानसंच असतील."

हरणाबाई उठली आणि शेळीकडं गेली. परतीची गाडी मिळेपर्यंत अश्फाक स्टँडवर बाकड्यावर बसून होता. जोतिबानं आपल्यासाठी थोबाडीत खाल्ली तेव्हा आपण त्याला भोळा समजलो, हे त्याच्या मनातून जाईना.

पुढं जे व्हायचं ते झालं. जमातीनं ठरवलं की दुसऱ्या रांगेतल्या मयती उकरून वर हलवाव्यात. त्यावर सांगलीच्या मौलवींचं मत घ्यायचं ठरलं, मग जागा कुठली ह्यावर बैठक झाली, मग दुसरी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा तिसरी बैठक व्हायची होती. बोटी आधीच ओढून सुरक्षित जागी बांधल्या होत्या. पाणी चढलं तेव्हा काठ नुसता भिजला. उतरताना मात्र तो पाण्याबरोबर गेला. दिवसाउजेडी, लोकांच्या डोळ्यांसमोर, मोठ्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा. दुसरी रांग, तिसरी आणि चौथीतली निम्मी. पाणी गढूळ होतं, त्यात काही दिसलं नाही.

इलाहीला कुणी सांगणार नव्हतं, पण आळीतल्या बायकांचा आवाज ऐकून तो उठला आणि मला घेऊन चला म्हणाला. अश्फाकनं त्याला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. म्हातारा नव्या काठावर जाऊन उभा राहिला. अश्फाकनं त्याचा दंड धरला होता. बाप आता रडेल, किंवा मला शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तर बरं झालं असतं.

"लय रुंद झाली रं नदी," इलाही म्हणाला. नंतर चल म्हणाला.

त्या दिवसापासून तो घराबाहेर पडला नाही. आजार असा काही नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, औषधं लिहून दिली. तो ती मुकाट्यानं घ्यायचा. अश्फाकनं एकदा रात्रीच्या जेवणानंतर त्याच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, तेल न भरल्याचं, जोतिबाचं, हरणाबाईचं. म्हातारा ऐकत होता की नाही कळलं नाही. शेवटी म्हणाला, इंजिनानं काय केलं होतं बिचाऱ्यानं? आणि कुशीवर वळला.

थंडी पडायला लागली तेव्हा तो गेला. कासारघाटला पुरायला जागा नव्हती. जी उरली होती ती किती दिवस राहील ह्याची खात्री नव्हती. टेम्पोत घालून मयत दोन गावं पलीकडं, माळावरच्या कब्रस्तानात नेली. तिथली माणसं भली होती. त्यांनी कुदळी-फावडी आणली, आपल्यातलाच समजून खांदा दिला. मुरमाड जमीन, खणायला जड गेली. आजूबाजूच्या कबरींत कोण आहे, अश्फाकला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी माणसं भेटायला येत होती. दुपारी जरा मोकळीक झाली तेव्हा अश्फाक परड्यात गेला आणि सवयीनं जोतिबाचा नंबर लावला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच रिंग वाजली. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं, पण त्यामागं इंजिनाची एवढी घरघर होती की आवाज ओळखू येईना.

"जोतिबा, अब्बा गेलं," अश्फाक म्हणाला.

"कोन? इंजान चालू हाय, काय ऐकू येत न्हाई."

अश्फाकनं मोठ्यानं परत सांगितलं. पलीकडून आणखी काही शब्द आले, ते घरघरीत बुडाले. मग फोन कट झाला. त्यानं परत लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आसियानं आतून हाक मारली, कुंडलचे पाहुणे आले होते. अश्फाकनं फोन खिशात टाकला, नळाखाली तोंड धुतलं आणि तो आत गेला.